माळ, बांध आणि एक तास

प्रस्तावना

सायक्लोक्रॉस ही तासाभराची शर्यत आहे. अडीच-तीन किलोमीटरची एक फेरी आखतात. तिच्यात गवत, चिखल, वाळू, छातीवरचा चढ, आवळलेली वळणं आणि वाटेत मुद्दाम आडव्या रोवलेल्या फळ्या असतात. वेळ संपेपर्यंत तीच फेरी पुन्हा पुन्हा मारायची. जिथे सायकल चालत नाही तिथे उतरून ती खांद्यावर घ्यायची, पळायचं आणि पळता पळताच परत सीटवर बसायचं. नियम थोडे आहेत, दमछाक मोठी आहे. युरोपात सप्टेंबर ते फेब्रुवारी दर शनिवार-रविवारी हजारो हौशी माणसं ही शर्यत खेळतात. त्यात शिक्षक असतात, सुतार असतात, दोन मुलांच्या आया असतात, साठी ओलांडलेले आजोबाही असतात.

हा खेळ भारतात अजून रुजलेला नाही. तरीही त्यावर मराठीत पुस्तक यावं आणि ते बारामती-इंदापूरच्या माणसांना समोर ठेवून लिहिलेलं असावं, यामागे एक ठाम मत आहे. आपल्याकडची सायकल शर्यत हमरस्त्यावर वाढली आणि आता हमरस्त्यावरच तिची कोंडी झाली आहे. तिला गावाच्या मोकळ्या जमिनीवर आणलं तर ती गावाची होईल, आणि त्यासाठी लागणारी जमीन, हवामान आणि माणसं या दोन तालुक्यांत आहेत.

आधी हा खेळ कुठून आला ते पाहू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समधले रस्त्यावरचे सायकलस्वार हिवाळ्यात अंग गार पडू नये म्हणून एका गावाहून दुसऱ्या गावाला शेतांतून, कुंपणं ओलांडून, ओढे तुडवून जायचे. दानिएल गुसो नावाच्या सैनिकाने या प्रकाराला स्पर्धेचं रूप दिलं आणि १९०२ मध्ये फ्रान्सची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरवली. १९१० ची टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या ऑक्ताव्ह लापीझने आपल्या यशाचं श्रेय हिवाळ्यातल्या या सरावाला दिलं असं सांगतात, आणि तेव्हापासून रस्त्यावरचे सायकलस्वार याकडे गांभीर्याने पाहू लागले. १९५० मध्ये पॅरिसला पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. ती ज्याँ रोबिकने जिंकली, आणि हाच रोबिक १९४७ च्या टूर द फ्रान्सचाही विजेता होता. म्हणजे पहिल्या दिवसापासून रस्ता आणि चिखल यांचं नातं सख्ख्या भावंडांचं राहिलं. स्त्रियांना मात्र जागतिक अजिंक्यपदासाठी २००० सालापर्यंत थांबावं लागलं. पन्नास वर्षांचा हा उशीर या खेळाच्या इतिहासातला डाग आहे आणि तो नीट लक्षात ठेवावा असा आहे, कारण आपण नव्याने सुरुवात करणार आहोत.

जन्म फ्रान्सचा असला तरी खेळ वाढला बेल्जियमच्या फ्लँडर्स प्रांतात. एरिक द फ्लेमिंकने १९६६ ते १९७३ या काळात सात जागतिक विजेतेपदं मिळवली. त्या सातची बरोबरी नेदरलँड्सच्या माथ्यू व्हान डर पूलने २०२५ मध्ये केली. स्त्रियांमध्ये मारियान व्होसच्या नावावर आठ आहेत. व्हान डर पूल आणि व्होस दोघंही रस्त्यावरच्या शर्यतींतली आजची मोठी नावं. ओल्या वळणावर मागचं चाक सरकलं तरी न घाबरता गाडी सावरणं, गर्दीत आपली जागा राखणं, धापा टाकत असतानाही पुढची वाट वाचणं हे सगळं त्यांनी चिखलात शिकून घेतलं.

जगभर हा खेळ एकाच तऱ्हेने खेळला जात नाही. फ्लँडर्सची तऱ्हा जमिनीशी झुंजण्याची आहे. कोकसाइडला समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्या, झोनहोव्हनला वाळूचा भला मोठा खड्डा. फ्लँडर्सबाहेर, वालोनियातल्या नामूरलाही किल्ल्याचे उतार तसेच. तिथे जोर लागतो, आणि वाळूत पुढच्याच्या चाकाची चाकोरी धरून ठेवण्याची अंगभूत समज लागते. स्वेन नाइस हा त्या तऱ्हेचा मोठा गुरू. इंग्लंडमध्ये दोन टोकं दिसतात. एकीकडे शहरातल्या बागांमध्ये भरणाऱ्या घरगुती लीग, जिथे सकाळी पोरं धावतात आणि दुपारी त्यांचे आईबाप. दुसरीकडे यॉर्कशायरमधली थ्री पीक्स ही १९६१ पासूनची शर्यत, जिथे फेरी नसतेच, तीन डोंगर ओलांडायचे असतात आणि मैलोगणती सायकल पाठीवर न्यायची असते. अमेरिकेत मैदानं गवताळ, वळणं नागमोडी आणि वातावरण जत्रेचं. पण हौशी माणसाच्या दृष्टीने सगळ्यात शहाणी गोष्ट अमेरिकेनेच केली: वयाबरोबर कुवतीनुसारही गट पाडले. पहिल्यांदा उतरलेला माणूस पहिल्यांदा उतरलेल्यांशीच लढतो. आपण कुणाचं अनुकरण करायचं असेल तर माझा कौल या बाबतीत अमेरिकेला, जमिनीच्या बाबतीत फ्लँडर्सला.

आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्राला सायकल शर्यत नवी नाही. मुंबई-पुणे शर्यतीने कित्येक पिढ्या घडवल्या. बोरघाट आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात आणि ती पदवी मिळवलेल्या माणसाला त्याच्या गावात आयुष्यभर मान मिळतो. डिसेंबरात पुणे ते बारामती ही शर्यतही होत आली आहे. दिवे घाट चढून सासवड, जेजुरी, मोरगाव करत येणारे सायकलस्वार बघायला रस्त्याकडेला शाळा उभ्या असतात. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेच्या वेळापत्रकातली ही पाच दिवसांची, ४३७ किलोमीटरची शर्यत पुणे जिल्ह्याच्या तालुक्यांतून फिरत बारामतीपर्यंत आली. परदेशी संघांचा तो लोंढा ज्यांनी डोळ्यांनी पाहिला, त्यांच्या मनात आपणही उतरावं असं आलंच असणार.

पण उतरायचं कुठे? गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या हौशी सायकलस्वारांनी अंतराची वाट धरली. बीआरएम या लांब पल्ल्याच्या प्रकारात २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ६०० चाळीस तासांत पूर्ण करायचे असतात. तिथे कुणाशी स्पर्धा नसते, घड्याळाशी असते. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघात ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ती एकट्याने पूर्ण केली, आणि पुणे-गोवा अशी ६४३ किलोमीटरची डेक्कन क्लिफहँगर अनेकांचं स्वप्न बनली. ही परंपरा मोठी आहे, मला तिचा अभिमान आहे. पण तिला वेळ लागतो, आणि वेळ सगळ्यांकडे सारखा नसतो. ज्या शेतकऱ्याच्या पंपाला या आठवड्यात रात्रीची वीज आहे, ज्याची कालव्याच्या पाण्याची पाळी पहाटे संपते, तो साडेतेरा तास सायकलवर कसा बसेल? त्याला तासाभराची शर्यत जमते. सकाळी नऊला उतरायचं, दहाला संपवायचं, अकराला गोठ्यावर हजर.

दुसरं कारण जिवाचं आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गाळप हंगाम सुरू झाला की माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी या कारखान्यांकडे जाणारे सगळे रस्ते उसाच्या ट्रॅक्टरांनी भरतात. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, दोन्हीकडे बाहेर आलेलं वाढं, मागे दिवा असेलच असं नाही. सायकल चालवायला हवा सर्वांत चांगली असते ते महिने नेमके हेच. पाटस-बारामती-इंदापूर हा पालखी मार्ग रुंद आणि गुळगुळीत झाला, पण गाड्यांचा वेगही त्याच प्रमाणात वाढला. पोरांना शर्यतीचा सराव करायला या रस्त्यावर पाठवा असं मी कोणत्याही आईला सांगू शकत नाही. माळावरच्या बंद फेरीत मोटार नसते. पडलात तर गवतावर किंवा मातीवर पडता, आणि मागून येणारा असतो तोही सायकलवरच.

तिसरी गोष्ट बघणाऱ्यांची. हमरस्त्यावरची शर्यत बघणाऱ्यासमोरून अर्ध्या मिनिटात निघून जाते. फेरीची शर्यत सात-आठ वेळा समोर येते. गोल उभं राहून मधली धाव बघायची कशी, हे या भागाला शिकवावं लागणार नाही. तुकाराम महाराजांच्या पालखीचं गोल रिंगण बेलवडीला होतं, पुढे इंदापुरात होतं, काटेवाडीत मेंढ्यांचं रिंगण होतं. घोडा सुटण्याआधी रिंगणाची वाट कशी मोकळी ठेवायची, दोर कुठे धरायचा, पोरांना पुढे कुठे बसवायचं, म्हाताऱ्यांना सावली कुठे द्यायची, हे गावोगावच्या माणसांच्या अंगात आहे. शर्यतीच्या आयोजनात ही समज विकत घेता येत नाही.

आणि जमीन. इथे थोडं थांबायला हवं, कारण या पुस्तकाचा खरा जीव जमिनीत आहे. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास आला आणि त्याने हा मुलूख दोन भागांत वाटला. कालव्याखालचा बागायती पट्टा काळ्याभोर जमिनीचा. वरचा सुपे, मोरगाव, उंडवडीकडचा भाग जिरायती, मुरमाड, माळरानाचा. पाऊस वर्षाला साधारण ५०० मिलिमीटर, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरचा परतीचा. त्यामुळे सायकलस्वाराला काही किलोमीटरच्या आत चार वेगळ्या जमिनी मिळतात. मुरूम पाऊस पडल्यावर तासाभरात निथळतो; त्यावर चाक खरखरतं पण धरतं, वळणावर मात्र वरचे सुटे खडे दगा देतात. काळी माती ओली झाली की फुगते, चाकाला थरावर थर चढतात, चिमटा आणि टायर यांच्यातली फट भरून जाते आणि चाक फिरायचंच थांबतं. तेव्हा सायकल ढकलण्यापेक्षा उचलणं शहाणपणाचं. हीच माती वाळली की भेगाळते, आणि बोटभर रुंद भेगेत पुढचं चाक गेलं तर माणूस हँडलवरून पुढे जातो. कालव्याखाली पाणी मुरून चोपण झालेल्या जमिनी आहेत. वरून कोरड्या पांढुरक्या दिसतात, आत पाय रुततो. आणि कऱ्हा-नीरेच्या पात्रात वाळू उरली असेल तिथे वाळू.

फ्लँडर्समध्ये अडथळे बांधावे लागतात. आपल्याकडे शेताचा बांध आयता आडवा असतो. पाझर तलावाचा भराव हा पळत चढायचा चढ. ऊस तुटून गेलेल्या रानात पाचट अंथरलेलं असतं. त्यावर चाक घसरतं आणि गिअरमध्ये पाला अडकतो. याच्या जोडीला काटे. बाभळीचा काटा दिसतो तरी, सराटा दिसत नाही. साधी ट्यूब घालून माळावर उतरणाऱ्याची शर्यत पहिल्या फेरीत संपू शकते. म्हणून ट्यूबलेस टायर आणि आत पंक्चर बुजवणारं द्रव्य, हा खर्च इथे चैनीत मोडत नाही.

या खेळासाठी वेगळी सायकल असते. दिसायला रस्त्यावरच्या शर्यतीच्या सायकलसारखी, वाकडं हँडल, पण टायर जाड आणि चाकाभोवती जागा मोकळी. आंतरराष्ट्रीय नियमात टायर ३३ मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही, आणि फळ्यांची उंची जास्तीत जास्त ४० सेंटिमीटर. हौशी शर्यतीत हा काटेकोरपणा कुणी पाळू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याच्याकडे माउंटन बाइक आहे त्याने तीच आणावी. संगमनेरच्या प्रणिता सोमणने माउंटन बाइकवर राष्ट्रीय पातळीवर नाव कमावलं. डांबर सोडून मातीवर सायकल हाणण्याचं कौशल्य आपल्या मराठी मुलींमध्ये किती आहे, याची साक्ष तिथेच मिळते.

ही शर्यत शनिवार-रविवार अशी सलग दोन दिवस का खेळायची, हा प्रश्न नव्या माणसाला पडतोच. एका शर्यतीत माणूस फक्त दमतो, दोन शर्यतींत शिकतो. शनिवारी सकाळी फेरी आधी पायी चालायची. सायकलवरून न दिसणारी गोष्ट पायाला कळते. मग टायरमधली हवा अंगठ्याने दाबून दाबून कमी करायची, खडकावर रिम आदळणार नाही आणि चिखलात पकड सुटणार नाही अशा बेताने. शिट्टी झाली की पहिलं वळण गाठेपर्यंत सगळे जिवाच्या आकांताने सुटतात, कारण त्यानंतर वाट अरुंद होते आणि पुढे जायला जागा मिळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत छाती भरून येते. त्या क्षणी सगळ्यांनाच थांबावंसं वाटतं, पहिल्या नंबरवाल्यालाही. जो थांबत नाही तो हळूहळू आपली लय पकडतो. फेरीने मागे पडलात तरी लाज वाटायचं कारण नाही. तुमच्या पुढे-मागे तुमच्याच वेगाचा कुणीतरी असतोच आणि त्या दोघांची शर्यत पुढच्यांच्या शर्यतीइतकीच खरी असते. या खेळावर माझा जीव जडला तो या गोष्टीमुळे. पस्तिसाव्या नंबरासाठी दोन मध्यमवयीन माणसं शेवटच्या वळणावर खांद्याला खांदा भिडवतात, आणि नंतर एकाच टाकीवर पाणी पितात.

दुपारी सायकल धुवायची. युरोपात त्यासाठी दाबाची यंत्रं आणतात. आपल्याकडे द्राक्ष-डाळिंबावर फवारणी करणाऱ्याच्या घरी एचटीपी पंप असतो, त्याने पाच मिनिटांत माती उतरते. बेअरिंगवर थेट धार मारायची नाही, एवढं पाळायचं. चेन पुसून तेल, बुटांत कागदाचे बोळे, पोटात भाकरी आणि लवकर झोप. रविवारी अंग आंबलेलं असतं, पण डोकं शहाणं झालेलं असतं. काल जिथे उतरलो तिथे आज सायकलवरून जाता येतं का, जिथे अडून बसलो तिथे आधीच उतरून पळणं बरं का, असे हिशेब सुटू लागतात. शिवाय चाळीस माणसांनी शनिवारभर तुडवलेली फेरी रविवारी तीच राहत नाही. २०१३ मध्ये जागतिक स्पर्धा पहिल्यांदाच युरोपाबाहेर, अमेरिकेत लुईव्हिलला झाली. ओहायो नदीला पूर येऊ लागला आणि दोन दिवसांच्या शर्यती शनिवारी एकाच दिवसात उरकाव्या लागल्या. मुख्य शर्यत स्वेन नाइसने जिंकली. पाणी आणि माती या खेळात शेवटपर्यंत आपला शब्द चालवतात.

हे पुस्तक काय करू पाहतं, ते आता सांगता येईल. हे विजेते घडवण्याचं पुस्तक नाही. व्यायामाचे तक्ते त्यात आहेत, पण थोडे. भर आहे तो दोन गोष्टींवर: बारामती-इंदापूरच्या माणसाने एका शनिवार-रविवारी ही शर्यत आनंदाने आणि सुखरूप कशी खेळावी, आणि एखाद्या गावाने ती आपल्या जमिनीवर कशी भरवावी. परवानगी हा विषय पुस्तकाने टाळलेला नाही, याचं मला समाधान आहे. कालव्याची वाट पाटबंधारे खात्याची असते, गायरान ग्रामपंचायतीच्या ताब्यात, आणि बांधाच्या दोन्ही बाजूंना दोन मालक. ऊस तुटल्यावर खोडवा राखायचा असेल तर त्या रानात चाक घालायचं नाही, कारण फुटवे चिरडतात. ज्याचं रान आहे त्याला शर्यतीआधी विचारायचं आणि शर्यतीनंतर त्याच्यासोबत ते रान फिरून बघायचं.

काही जागा मात्र कुणाची परवानगी मिळाली तरी घेऊ नयेत. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य आणि इंदापूर तालुक्यातलं कडबनवाडीचं गवताळ रान ही चिंकाऱ्यांची घरं आहेत. कडबनवाडीत लांडगेही आहेत. नकाशावर ही जमीन ओसाड दिसते आणि सायकलस्वाराला मोह पडतो. पण जमिनीवर घरटं करणारा पक्षी चाकाखाली सापडला तर त्याचं मोल कोणत्याही पदकाने भरून येत नाही. भिगवण, कुंभारगावला उजनीच्या फुगवट्याचं पाणी ओसरल्यावर जो सपाट गाळ उघडा पडतो, तोही शर्यतीसाठी नाही. शर्यतीचे महिने हेच तिथे रोहित पक्ष्यांचे महिने. फेरी आखायला शाळेची मैदानं, बाजारतळ, कारखान्यांच्या मोकळ्या जागा, कॉलेजांचे माळ पुष्कळ आहेत. वालचंदनगरसारख्या वसाहतीत तर मैदान, झाडी आणि पाणी एका हाकेच्या अंतरावर मिळतं.

वेळापत्रकाबद्दल या पुस्तकाच्या लेखकांशी माझे थोडे मतभेद झाले. त्यांना सप्टेंबरातला ओला चिखल हवा होता, खऱ्या फ्लँडर्ससारखा. मला वाटतं, पहिलं वर्ष दिवाळीनंतर मुरमाड माळावर घ्यावं, म्हणजे नवा माणूस काळ्या मातीत रुतून कायमचा घरी बसणार नाही. चिखल दुसऱ्या वर्षी. पुस्तकात दोन्ही बाजू दिल्या आहेत आणि वाचकाने आपल्या गावचा पाऊस बघून ठरवावं.

एका गोष्टीवर मात्र आमचं पूर्ण एकमत आहे. मुलींची शर्यत मुलांइतक्याच वेळेची, त्याच फेरीवर आणि त्याच बक्षिसाची असावी, आणि ती सकाळी सातला रिकाम्या मैदानात उरकून टाकू नये. सगळ्यात जास्त माणसं जमतात ती वेळ मुलींना द्यावी. शाळकरी पोरांसाठी वेगळी छोटी फेरी आखावी, फळ्यांऐवजी जमिनीवर चुन्याच्या रेघा माराव्यात, आणि ज्या सायकलवर ते रोज शाळेत येतात तीच सायकल चालू द्यावी. कॅरिअर काढून ठेवायचं, मडगार्ड सैल असेल तर तेही, आणि ब्रेक लागतात का ते आयोजकाने स्वतः ओढून पाहायचं. ब्रेक नसतील तर पोराला परत पाठवू नये. नोंदणीच्या टेबलाशेजारी गावातला सायकल दुरुस्तीवाला बसवावा, आणि ब्रेकच्या रबराचे पैसे आयोजकांनी भरावेत.